मेनूतली तिसरी ओळ

ऑगस्टमधल्या एका शनिवारी संध्याकाळी, पाऊस नुकताच थांबलेला असताना, अखिला रिक्षातून उतरली ती छातीशी एक काळी पेटी कवटाळूनच. पेटी आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेली होती. रिक्षावाल्यानं वाटभर सांभाळून खड्डे चुकवले होते, कारण साडीत आजारी मूल आहे अशी त्याची समजूत झाली होती. अखिलानंही ती दूर केली नव्हती.

पेटी म्हणजे तिचा कॉम्प्युटर. अखिला पापनाशमच्या शाळेत गणित शिकवायची. मुलांसाठी धडे रेकॉर्ड करायचे म्हणून तिनं वर्षभर एकेक भाग मागवला होता आणि व्हिडिओ बघत बघत सगळा सांगाडा स्वतःच्या हातांनी जोडला होता. पंखे फिरत होते, दिवे लागत होते. फक्त पुढे काही होत नव्हतं. पडद्यावर एकच रडगाणं यायचं, चालू करण्यासारखं काही सापडलं नाही. तीन दिवस झगडून शेवटी ती तंजावरच्या जुन्या बसस्टँडजवळच्या सांबशिव अण्णांच्या दुकानात आली होती.

अण्णा नव्हते. काउंटरमागे एक उंच, किडकिडीत तरुण होता. भुवया दाट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यानं काही न बोलता साडी उलगडली, घडी घालून बाजूला ठेवली आणि पेटी उघडली. तेवढ्यात आईचा फोन आला.

"पोचलें आई. अण्णा नाहींत, कोणी नवा मुलगा अहे," अखिला मोकळ्या आवाजात मराठीत म्हणाली. "बघायला बेस अहे… पण ह्याला कांहीं कळतें असं दिसत नाहीं."

आता यात तिचा काय दोष? राजवाड्यामागच्या गल्लीतली चार मराठी घरं सोडली तर गावात आपली भाषा कुणाला कळत नाही, हे धरूनच तंजावरची मराठी मुलं मोठी होतात. साडीच्या दुकानात दुकानदारासमोरच साडीला नावं ठेवायची, बसमध्ये शेजारणीच्या नथीवर चर्चा करायची, सगळं मराठीत आणि चेहरा अगदी साळसूद ठेवून. अखिलाही तशाच साळसूद चेहऱ्यानं उभी होती.

त्या मुलानं तिनं सोबत आणलेला पेनड्राइव्ह लावून पाहिला, काढला आणि मान वर केली.

"पहिलं खरं अहे," तो म्हणाला. "दुसरं चुकलं."

मराठीत! तेही शुद्ध तंजावरी मराठीत! अखिलाला वाटलं, त्या साडीत आता आपणच गुंडाळून घ्यावं.

"तुम्हांस… मराठी येतें?"

"तिरुवैयारुचा अहें मी. प्रणवेश. आमच्या घरांतहि अस्के मराठीच बोलतात."

"मग आधीं सांगायचं नाहीं?"

"आधीं सांगितलं असतं तर 'बघायला बेस' कोण म्हणालं असतं?"

ती लाल झाली. तो मात्र गंभीर चेहऱ्यानं पेनड्राइव्हकडे वळला. तिची चूक नवशिक्याची नेहमीचीच होती. ऑपरेटिंग सिस्टमची फाइल तिनं सिनेमा कॉपी करतात तशी नुसती पेनड्राइव्हवर टाकली होती. तसं चालत नाही, ती एका खास पद्धतीनं लिहावी लागते, तरच मशीन तिला ओळखतं. बाकी जोडणी त्यानं बारकाईनं तपासली. एकही वायर चुकीची नव्हती.

"हें अस्कं तुम्ही एकट्यांनी जोडलं?" त्यानं विचारलं. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती.

"हो."

"बेस जोडलं अहे," तो हळूच म्हणाला. हा शब्द अखिला घरापर्यंत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी रविवारी तो घरी आला, कारण अखिलाच्या वडिलांची एक अट होती. अप्पा, म्हणजे कृष्णाजी, वीज खात्यातून निवृत्त झालेले, मशीनला स्वतः कधी हात न लावणारे, पण कुंडल्यांचे मोठे शौकीन. त्यांच्याकडे जातकम् काढायचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं आणि ते फक्त विंडोजवर चालायचं. अखिलाला तिच्या कामासाठी लिनक्स हवं होतं. म्हणजे एकाच डिस्कवर दोघांचा संसार थाटायचा होता.

"आधीं विंडोज," प्रणवेश शेजारची खुर्ची ओढत म्हणाला. "मग लिनक्स. उलट केलं तर विंडोज नंतर येऊन दुसऱ्याला दारच उघडूं देत नाहीं."

"आमची मोठी आत्या तशीच अहे," अखिला म्हणाली. आतून आईचं हसू ऐकू आलं.

डिस्कचे वाटे पडले. कुणाला किती जागा द्यायची यावर दोघं अर्धा तास भांडले. एक सिस्टम चढताना पडद्यावर टक्के सरकत होते आणि तेवढा वेळ करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ते बोलत राहिले. कावेरीला पाणी किती आलंय, पापनाशमची सकाळची गाडी कुठे रखडते, मुलं अपूर्णांकांना का घाबरतात. बोलता बोलता त्याचा कोपर तिच्या कोपराला लागला आणि दोघांनीही तो लगेच काढला नाही.

शेवटी मशीन पुन्हा सुरू झालं. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. वर लिनक्स, खाली विंडोज. कोपऱ्यात आकडा उलटा धावू लागला.

"हा मेनू. दहा सेकंद तुमची वाट बघतो," प्रणवेश म्हणाला. "तेवढ्यांत कांहीं निवडलं नाहीं, तर वरचं आपोआप सुरू होतें."

"आणि विचार करायला वेळ पाहिजे असला तर?"

"बाणाचं एक बटण दाबायचं, मोजणं थांबतें. कांहींतरी हलवावं लागतें, मात्र."

"दहा, नऊ, आठ…" तिनं मोजायला सुरुवात केली आणि त्यानं साथ दिली. शून्यावर लिनक्स उघडलं तेव्हा दोघंही लहान मुलांसारखी टाळ्या पिटत होती.

मग सप्टेंबरभर दर रविवारी काहीतरी बिघडत राहिलं. कधी आवाज येईना, कधी माइक चालेना. यातलं निम्मं खरोखर बिघडलेलं होतं. उरलेल्या निम्म्याबद्दल अखिलाला विचारू नये, आणि ते ओळखूनही दर वेळी तिरुवैयारुहून सायकल दामटत येणाऱ्या प्रणवेशला तर मुळीच विचारू नये. प्रत्येक दुरुस्तीनंतर मशीन नव्यानं सुरू व्हायचं आणि दोघं मिळून दहापासून उलटं मोजायचे. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस अखिला त्या दहा सेकंदांवर काढायची.

ऑक्टोबरमध्ये त्याला पुण्याहून नोकरीचं पत्र आलं.

सरस्वतीपूजेच्या आदल्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. "जाण्याआधीं मशीनवरून एकदां हात फिरवतों," म्हणाला आणि बराच वेळ काहीतरी टाइप करत बसला. अखिला दाराशी उभी राहून त्याची पाठ बघत होती. थांब, असं म्हणावं? पण कुठल्या हक्कानं? चांगली नोकरी होती, त्याची आई खूश होती…

"पूजेदिवशीं तर सुरू करायचं नाहीं," तो उठत म्हणाला. "विजयादशमीला सकाळीं कर. सुरू केलंस कीं मला सांग. माझी गाडी त्याच दिवशीं दुपारीं बारा वाजतां अहे."

'केलंस' म्हणाला तो. इतक्या दिवसांचं 'तुम्ही' गेलं होतं. अखिलाला ते ऐकू आलं, आणि तोंडातून शब्द फुटेपर्यंत तो जिना उतरलाही होता.

पूजेच्या दिवशी पुस्तकं, अप्पांचं पंचांग आणि कॉम्प्युटर सगळे चंदन-कुंकू लावून पाटावर बसले. त्या दिवशी कशालाही हात लावायचा नसतो. विजयादशमीला सकाळी मात्र प्रत्येकानं आपलं काम थोडं तरी सुरू करायचं, असा रिवाज. अखिलानं मशीनवरचं फूल काढलं, बटण दाबलं आणि… उठून स्वयंपाकघरात गेली.

तिला तो आकडा बघवेना. दहा, नऊ, आठ एकटीनं कसं मोजायचं? तिनं फिल्टरवर गरम पाणी ओतलं आणि डिकॉक्शन थेंबथेंब पडताना बघत उभी राहिली. कॉफी घेऊन परतली तेव्हा लिनक्स नेहमीसारखं उघडून बसलं होतं. तिनं त्याला मेसेज केला. 'सुरू झालं. सगळं ठीक आहे. थँक्स.'

बराच वेळ काही आलं नाही. मग एकच शब्द आला. 'सरी.' म्हणजे बरं.

बारा वाजले. फोन वाजला नाही. साडेबारा वाजले, एक वाजला, आणि अखिला आईला दिसू नये म्हणून गच्चीवर जाऊन पोटभर रडली.

त्यानंतर हीच सवय झाली. रोज बटण दाबायचं आणि कॉफीला जायचं. धडे मात्र फार छान होत होते. पापनाशमची मुलं म्हणायची, टीचर आजकाल हळू शिकवतात, समजतं. टीचर हळू का झाली होती ते त्यांना कोण सांगणार! कधीतरी पुण्याहून मेसेज यायचा. 'इथं सगळे मराठी बोलतात. आपलं मराठी कोणी बोलत नाही.' ती उत्तर लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची आणि शेवटी हसरा चेहरा पाठवून द्यायची. त्या 'आपलं'मध्ये ती धरली होती की नव्हती, एवढंच तिला कळायला हवं होतं.

डिसेंबर उजाडला. मार्गळी महिना लागला, शाळेला सुट्टी पडली आणि घरात कुंभकोणचं एक स्थळ येऊन उभं राहिलं. मुलगा बँकेत होता. मार्गळी संपून जानेवारीत तै महिना लागताच बघायला येऊ, त्याआधी मुलीचं जातकम् पाठवा, असा त्यांचा निरोप होता.

"आजच छापून टाक," अप्पा म्हणाले. "दुपारीं शेजारचे वेंकटराव कुंभकोणला जातात, त्यांच्याजवळ देतों."

अखिलानं हो म्हटलं. नाही म्हणायला तिच्याजवळ काय होतं? तिनं मशीनचं बटण दाबलं. पण आज कॉफीला जाता येत नव्हतं, कारण जातकम् विंडोजमध्ये होतं आणि विंडोज हातानं निवडावं लागणार होतं. अडीच महिन्यांत पहिल्यांदाच ती त्या काळ्या पडद्यासमोर बसली.

वर लिनक्स. खाली विंडोज. आणि त्याच्याही खाली तिसरी ओळ होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. देवनागरी दोघांनाही धड येत नव्हती.

'अखिला, मी विचारूं?'

आकडा धावत होता. सात… सहा… तिनं घाईनं बाण दाबला. मोजणं थांबलं. आणखी एकदा बाण दाबून ती तिसऱ्या ओळीवर आली आणि तिनं एंटर मारलं.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

'तोंडावर विचारायचं धैर्य नाहीं. तुला मी आवडतों का? हो म्हणालीस तर गाडी चढण्याआधीं येऊन अप्पांशीं बोलतों. पुण्याला जायचंच अहे, पण तुझा होऊन जायचं अहे. कांहींच म्हणालीस नाहीं, तर नको असं समजतों. पुन्हा त्रास देणार नाहीं.'

सुरू झालं. सगळं ठीक आहे. थँक्स.

आपण त्याला हे उत्तर दिलं होतं! अखिलानं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. तो स्टेशनवर बसून बारा वाजेपर्यंत काय काय करत असेल, ते तिला एकदम दिसलं. मग तिनं फोन उचलला. विचार करायला वेळ घेतला असता तर पुन्हा हसरा चेहराच पाठवला असता, म्हणून तिनं तो घेतलाच नाही.

"हॅलो?" मागे ऑफिसची कुजबुज होती, कीबोर्डची टकटक होती. "अखिला? सगळं बरं अहे ना?"

"तिसरी ओळ वाचलें."

तो म्हणाला, "माहीत अहे. तुझा मेसेज आला होता."

"नाहीं, प्रणवेश. आज वाचलें. आत्तां."

"आत्तां? मग त्या दिवशीं…"

"त्या दिवशीं मी स्क्रीनकडे बघितलंच नाहीं. बटण दाबलें आणि कॉफीला गेलें."

"का?"

"दहापासून एकटीनं मोजवेना म्हणून!" तिचा आवाज फुटला. "रोज तसंच केलें. अडीच महिने. हो अहे माझं उत्तर. तेव्हांहि हो होतं."

प्रणवेशचा बांध असा फुटला की तो जवळजवळ ओरडलाच.

"अय्यो अखिला! मला वेड लागायची वेळ आली होती! जेवण जात नाहीं, झोंप येत नाहीं, मला तूं पाहिजेस… दुसरं कांहीं नको, तूंच पाहिजेस!"

फोनमधली टकटक थांबली. आणि मग तिकडून टाळ्या ऐकू आल्या, एक शिट्टी आली, आणि कुणा बाईचा ठसठशीत पुणेरी आवाज आला. "अहो, पण हो म्हणाली का ती?"

"अखिला," प्रणवेश अगदी बारीक आवाजात म्हणाला, "इथं सगळ्यांस मराठी कळतें."

अखिलाला डोळे पुसत पुसत इतकं हसू आलं की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. सांबशिव अण्णांच्या दुकानात तिचा झाला होता तसाच त्याचा चेहरा आत्ता झाला असणार. तो बघायला आपण तिथे नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आतां तुला माघार घेतां येत नाहीं. चल, जन्मवेळ सांग."

"कशाला?"

"सांग म्हणतें ना. आणि नक्षत्र."

त्यानं सांगितलं. तिनं अप्पांच्या पंचांगाच्या पाठीवर लिहून घेतलं, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि फोन न ठेवता दोघांनी दहापासून उलटं मोजलं. सहावर तिनं बाण दाबून विंडोज निवडलं.

"छापलं का ग जातकम्?" आईनं आतून विचारलं. "वेंकटराव आले अहेत."

"छापतें, आई," अखिला म्हणाली. "दोन छापतें. वेंकटरावांना सांग, कुंभकोणला नको. तिरुवैयारुला द्यायचीं अहेत."