पलीकडच्या खोलीची वायर

भरे गावच्या सगुणामावशीचा फोन आला, तेव्हा मी पौडातलं काम आटपून गाडीला किक मारत होतो.

"शब्बीर, लाइटीचा बोर्ड तेवढा खाली घे बाबा. माजा हात वर जात न्हाई आता."

पोचलो तेव्हा दिवस कलला होता. भाडेकरू सोडून गेलेले, पोरं शहरात. घरात मावशी एकटीच. मी मेन बंद केला आणि बोर्ड दोन वीत खाली बसवला. साहजिकच वायरी कमी पडल्या. एकेकीला तुकडा जोडून टेप गुंडाळली.

एक जुनी जोडी तेवढी राहिली. ती भिंतीतल्या पाइपातून पलीकडच्या खोलीत जायची. तिकडची जागा विकल्यावर ती खोली पाडून टाकलेली. आता पलीकडे नुसतं रान.

"ही तोडून टाकतो, मावशी."

"नगं. ती बी वाढव." ती भिंतीकडे बघत होती. "शेवटाला ह्ये तितंच पडून असायचे. अंधाराला लई भ्यायचे."

तिचं मन कशाला मोडा, म्हणून तिलाही नव्या वायरीच्या वेटोळ्याचं टोक जोडलं. बोर्डाकडे ओढायला गेलो, तर वायर हातातून सरकून आत गेली. बाहेर काढली. पुन्हा गेली. पकडीत घट्ट धरली, तेव्हा पलीकडून ओढ लागली... हळू, दमादमानं, आजाऱ्यानं पांघरूण अंगावर ओढून घ्यावं तशी. पाइपातून औषधाचा आणि ओल्या गादीचा वास आला.

"मावशी... पलीकडं कोण हाय?"

"सैल सोड जरा," ती कुजबुजली. "पुरत न्हाई त्येंना..."

मी वेटोळं सोडून दिलं. वायर सरसरत आत जात राहिली आणि मग आपसूक थांबली. कशीबशी टोकं बटणाला जोडली, मेन चालू केला, हत्यारं गोळा केली.

"बस की घडीभर," मावशी म्हणाली. "हितं कुणी बसतच न्हाई."

मी मान खाली घालून निघालो.

रस्त्यावरून एकदा मागं पाहिलं. मावशीच्या घरात काळोख होता. उजेड होता तो भिंतीपलीकडे, मोकळ्या रानात, डोक्याच्या वर हातभर. तिथं ना खांब, ना बल्ब. आणि त्या उजेडातून मावशीचं हलकं बोलणं ऐकू येत होतं. मधेच ती थांबायची, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी...

आणि हसायची.