बिनझाडाची सावली

ऑफिसात मला 'वाळवण' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे, पण मला ऐकू येईल अशा बेताने. शहराच्या मध्यभागी, मोठ्या चौकात, कुठे कोणतं झाड लावायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी लावलेली झाडं वाळायची. पहिल्या वर्षी चौदा लावली, चौदाही गेली. दुसऱ्या वर्षी पुन्हा चौदा, पुन्हा तेच. शेवटी साहेबांनी बोलावून सांगितलं, "बाई, या वेळी गेली तर खड्डे बुजवून फरशी बसवणार. मग चौकात झाड हा विषय कायमचा बंद."

त्या दुपारी मी टेप घेऊन खड्ड्यांची मापं घ्यायला गेले ती मान खाली घालूनच. चौक नुसता भाजत होता. काचेच्या इमारतींवरून ऊन उलटून अंगावर येत होतं, डांबर चपलेला चिकटत होतं. माणसं भिंतींना खेटून पळाल्यासारखी चालत होती.

निवांत होते ते फक्त किल्लीवाले काका. घड्याळाच्या दुकानासमोर फुटपाथवर स्टूल आणि किल्ल्या घासायचं मशीन मांडून ते रोज बसायचे. मी मापं घेत होते, तेवढ्यात ते उठले, स्टूल दोन हात सरकवलं, मशीन ओढून घेतलं, पुन्हा बसले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. झाडाची सावली सरकते तसा खाली बसलेला माणूस सरकतो ना, अगदी तसं. पण तिथे झाड नव्हतं. ते माझ्याइतकं पक्कं कोणाला माहीत असणार?

मी जवळ गेले, आणि पायांना गारवा लागला.

फुटपाथवर सावली पडली होती. जाळीदार, हलणारी, चार गाड्या मावतील एवढी ऐसपैस. मी वर बघितलं. वर नुसतं पांढरं आभाळ आणि डोळ्यांत घुसणारा सूर्य. खाली बघितलं. पानं हलत होती... वारा नसताना. ओल्या पाल्याचा वास येत होता, आणि डोक्यावर कुठेतरी खुळखुळ, खुळखुळ... वाळक्या शेंगा एकमेकींवर आपटाव्यात तशी.

"काका... हे काय आहे?"

त्यांनी कानस थांबवली. "सावली," ते हळूच म्हणाले. "अकरा वर्षं बसतोय मी हिच्यात. खाली बघायला वेळ कोणाला आहे, ताई? तुम्ही बसा. पाणी प्या."

"भीती नाही वाटत?"

"उन्हाची वाटते." ते हसले, मग जरा थांबून म्हणाले, "फक्त वर फार वेळ बघू नका. बघितलं की वाटतं, वरूनही कोणीतरी बघतंय..."

अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगू? त्याच वेळी पोटातून हसूही फुटत होतं. दोन वर्षांत या चौकात मला दिसलेलं हे पहिलं जिवंत झाड होतं, मग ते नसलं म्हणून काय झालं!

मी गुडघे टेकून बसले, मापांचा कागद फुटपाथवर पसरला आणि पानांची सावली पेन्सिलीने गिरवून घेतली. बोटाच्या पेराएवढी लांबट पानं, देठाच्या दोन्ही बाजूंना, जोडीजोडीने. त्यात तो शेंगांचा खुळखुळाट. शिरीष! आणि मी मात्र चित्रात छान दिसतात म्हणून किडकिडीत ताडासारखी शोभेची झाडं मागवत बसले होते.

आता प्रश्न जागेचा. खोडाची सावली दिसायची, पण बुंध्यापाशी पोचायच्या आत विरून जायची. म्हणून दुसऱ्या दिवशी मी सकाळी दहाला खोडाच्या सावलीवरून खडूने रेघ मारली आणि पुढे वाढवली. तशीच दुसरी रेघ चार वाजता. ती मारत असतानाच माझा हात थांबला. सावलीतल्या एका आडव्या फांदीखाली दोन पाय लोंबत होते. बारीक, लांब. मागे-पुढे, मागे-पुढे... आरामात.

"काका..."

"दिसलं मला. काही करत नाहीत ते," काका कुजबुजले. "तुमची रेघ पुरी करा."

मी ती कशी पुरी केली ते माझं मला ठाऊक. दोन्ही रेघा स्कूटर लावायच्या जागेत एकमेकींना छेदत होत्या, म्हणजे बुंधा तिथे. माझ्या खड्ड्यांपैकी एकही तिथे नव्हता.

साहेबांची परवानगी मिळवायला तीन आठवडे गेले. खोदायला घेतलं तेव्हा आधी जुने खड्डे उकरले. वीतभर मातीखाली सगळीकडे गटाराचा स्लॅब! अठ्ठावीस झाडं मी अक्षरशः तव्यावर लावली होती. आणि रेघांच्या फुलीवर डांबर फोडलं, तर खाली काळीभोर, ओलसर माती. खोदणाऱ्याने कोपरापर्यंत हात घातला आणि तो लहान मुलासारखा हसला. "मॅडम, तळच लागत नाही!"

छातीएवढं शिरीषाचं रोप लावलं. पहिली बादली ओतली, आणि खुळखुळ थांबली. गारवा गेला. भलीमोठी सावली बघता बघता विरली आणि खाली उरली रोपाची काठीसारखी एक रेघ. काकांच्या टकलावर अकरा वर्षांत पहिल्यांदा दुपारचं ऊन पडलं.

मला रडूच आलं. होती ती सावलीही मी घालवली.

डबा घेऊन आलेल्या काकू, म्हणजे काकांची बायको, कमरेवर हात ठेवून सगळं बघत होत्या. "गेली तर गेली," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या सावलीत किती दिवस बसायचं? आता घरची वाढवू. आणि तुम्ही हो, उद्यापासून छत्री घेऊन या!"

मग जे सुरू झालं ते बघायला हवं होतं. बँकेचा गार्ड बाटलीतलं उरलेलं पाणी आणून ओतायचा. घड्याळवाले आजोबा सकाळी शटरच्या आधी झाडाकडे बघायचे. काका तर गिऱ्हाइकांनाच कामाला लावायचे. "किल्ली होईपर्यंत दोन मग पाणी घाला, नाहीतर कुलूप उघडायचं नाही!" एका उन्हाळ्यात पानं पिवळी पडली तेव्हा सगळा चौक माझ्याकडे चौकशी करायचा, घरात कोणी आजारी असल्यासारखी. मी रोज संध्याकाळी जायची. शिरीष दिवस मावळताना पानं मिटतो; ती मिटलेली दिसली की जीव भांड्यात पडायचा. झोपतंय, म्हणजे जगतंय.

गटाराचा स्लॅब सोडून पलीकडे मोठे खड्डे केले, आणि मग बाकीची तेराही लागली.

सहाव्या वर्षी शिरीष पहिल्यांदा फुलला. काकांनी मशीन बंद केलं. ऑफिसातून सुटलेली माणसं वास कुठून येतोय म्हणून माना वर करून उभी राहिली आणि एकमेकांकडे बघून उगीचच हसायला लागली. साहेब स्वतः आले, काकांच्या स्टुलावर बसले आणि तासभर उठलेच नाहीत. काकू म्हणाल्या, "आता यांनाच किल्ल्या घासायला शिकवा."

आज या सगळ्या झाडांच्या सावलीत चौदा दुकानं आणि एक शाळेच्या बसचा थांबा आहे. एवढं सुख मला दुसऱ्या कोणत्या कामाने दिलेलं नाही.

फक्त एक सांगायचं राहिलं. बाकीच्या तेरा झाडांवर घरट्यांची नुसती दाटी आहे. पण शिरीषावर मी आजवर एकही पक्षी बसलेला बघितला नाही. कावळासुद्धा वळसा घालून जातो. तरीही काका सकाळी झाडायला येतात तेव्हा खाली पिसं पडलेली असतात. एखाद-दुसरंच, करडं, हातभर लांब. काकू ती गोळा करून ठेवतात, टाकायचं धाडस होत नाही म्हणतात. पक्ष्यांच्या एका अभ्यासकाला त्यातलं एक दाखवलं, तर त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, दोन जाड पुस्तकं चाळली आणि परत दिलं.

काल मी लवकर गेले होते. चौक अजून रिकामा होता. एक पीस गिरक्या घेत माझ्यासमोर उतरलं, आणि मी ते वाकून उचललं.

देठाशी ते अजून गरम होतं.