नवव्या रकान्यातला एक्स

या, असे जवळ सरकून बसा. एसीचा आवाज मोठा आहे, माझा लहान. आज बुवांच्या कीर्तनाची कॅसेट लावायची नाही. आज मीच आख्यान सांगणार. त्यात राजा नाही, राक्षस नाही. दोहातली एक मुलगी आहे, एक मुलगा आहे आणि दोघांच्या मध्ये एक चेंडू... तोही क्रिकेटचा नाही! विठ्ठलाचं नाव घेऊन सुरू करते.

दोन हजार चारचा उन्हाळा. ईश्वरी नाशिकहून दोहाच्या बिन महमूद भागात भावाकडे, संजीवकडे आली होती. एका इंग्रजी पेपरच्या क्रीडा विभागात तिला काम मिळालं होतं, पण चाचणीवर. जमलं तर नोकरी पक्की. नाही जमलं तर परत नाशिक, आणि तिथे आई पत्रिकांचा गठ्ठा घेऊन वाटच बघत बसलेली.

त्या विभागाचे प्रमुख इलियासभाई, दापोलीकडचे. मूलबाळ नव्हतं, म्हणून की काय, ऑफिसातल्या प्रत्येक नव्या पोरापोरीला ‘बाळा’ म्हणायचे.

“क्रिकेटवर सगळेच उड्या मारतात, बाळा,” पहिल्याच दिवशी ते म्हणाले. “तू बेसबॉल सांभाळ. गॅस कंपन्यांत अमेरिकन लोक भरलेत. सकाळी चहाबरोबर त्यांना त्यांचा स्कोअर लागतो.”

“पण भाई, मला त्यातलं काहीच कळत नाही.”

“मला तरी खय कळता? इन्शाल्ला जमेल. यल्ला, लाग कामाला!”

आणि जमलं की! परदेशी वृत्त-एजन्सीकडून मजकूर यायचा, ईश्वरी तो नीट कापून पानात बसवायची. एवढं सुबक पान, की इलियासभाईंनी मान डोलवावी. मग एका सकाळी रिसेप्शनवरून फोन आला. कोणीतरी तक्रार घेऊन आलंय.

ती खाली गेली. दाराशी एक उंच तरुण चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत होता. गाडीतल्या गारव्यातून बाहेरच्या दमट हवेत आला, की इथे प्रत्येक चष्मेवाला आंधळाच होतो. पुसता पुसता तो पुटपुटला, “अरे देवा, किती ही वाफ...”

“मराठी?” ईश्वरी पटकन बोलून गेली.

त्याने चष्मा चढवला. तिच्याकडे बघितलं आणि चष्मा स्वच्छ असूनही पुन्हा काढून पुसला.

“मी देवव्रत. पुण्याचा. गॅस कंपनीत इंजिनिअर आहे. मला तुमच्या बेसबॉलवाल्या साहेबांना भेटायचंय. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना, तेवढं विचारायचं होतं.”

“साहेब नाहीत,” ईश्वरी शांतपणे म्हणाली. “बाई आहेत. आणि डोकं ठिकाणावर आहे.”

“...तुम्ही?”

“मी.”

बिचाऱ्याने घडी घातलेला पेपर असा हळूच उघडला, जणू त्यात काही मोडण्यासारखं होतं. “हे बघा... धावफलक. नऊ डावांचे नऊ रकाने. वर पाहुणा संघ, खाली घरचा. घरच्यांच्या नवव्या रकान्यात तुम्ही शून्य छापलंय. तिथे एक्स असतो.”

“अच्छा, तो एक्स!” ईश्वरीचा चेहरा खुलला. “ती एजन्सीची टायपिंगची चूक. आकड्यांच्या रांगेत अक्षर कसं येईल? मी रोज काढते आणि तिथे शून्य घालते.”

“रोज?”

“न चुकता.”

देवव्रतने हसू दाबायचा फार प्रयत्न केला हो, पण नाही जमलं. मग त्याने तिथेच सोफ्यावर बसून समजावलं. दर डावात आधी पाहुणे खेळतात, मग घरचे. नवव्या डावात पाहुण्यांचं खेळून झालं आणि घरचे आधीच पुढे असले, तर त्यांनी पुन्हा बॅट हातात घ्यायचीच कशाला?

“शून्य म्हणजे खेळले, पण हाती काही लागलं नाही,” तो म्हणाला. “एक्स म्हणजे खेळायची गरजच उरली नाही. जिंकलेच होते ते.”

ईश्वरीचं तोंड उतरलं. इतक्या दिवसांची ती सगळी जिंकलेली माणसं... तिने त्यांच्या पदरात शून्य टाकलं होतं! आणि नोकरी? तिच्या डोळ्यांसमोर आईचा गठ्ठा नाचायला लागला.

तेवढ्यात मागून मुख्य संपादकांचा आवाज. अमेरिकन शाळेतूनही कोणाचा तरी फोन आला होता म्हणे. “हे पान कोणी केलं?”

ईश्वरीने तोंड उघडलं. पण तिच्या आधी संपादकांच्या मागोमाग आलेले इलियासभाई पुढे झाले. “मी पास केलं, सर. एक्स मीच काढायला सांगितला. उद्या दुरुस्ती छापतो. खलास.”

संपादक त्यांना चार शब्द सुनावून गेले. ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. “भाई, तुम्ही कशाला...”

“माझी नोकरी पक्की आहे, बाळा. तुझी व्हायची आहे.” मग देवव्रतकडे वळून, “आणि तू रे! चूक दाखवून पळायचा नाय. हिला शिकव आता.”

अशी शिकवणी सुरू झाली.

तुम्ही म्हणाल, या पुण्याच्या मुलाला बेसबॉल आला कुठून? त्याने तरी एकही सामना कुठे पाहिला होता! अल गराफात राहणारा त्याचा अमेरिकन साहेब देश सोडून चालला होता आणि सामान विकत होता. देवव्रतने क्रिकेटचं पुस्तक आहे का विचारलं, तर साहेबाने बेसबॉलच्या पुस्तकांचं अख्खं खोकंच गाडीत टाकून दिलं. परक्या देशातला पहिला एकटा उन्हाळा त्याने ती पुस्तकं वाचून काढला.

आता तो ती एकेक करून ईश्वरीला आणून द्यायचा. अल अझीझियातल्या चहाच्या टपरीसमोर गाडी लावायची, दाट, वेलचीचा करक चहा मागवायचा आणि पुस्तक उघडायचं. एका पुस्तकात रेडिओवाल्यांची गोष्ट होती. फार पूर्वी हे लोक मैदानावर जातच नसत. तारेने चार शब्द यायचे, त्यावरून ते स्टुडिओत बसून सगळा सामना रंगवायचे. लाकडावर काठी आपटून बॅटचा आवाज काढायचे.

“म्हणजे आमच्या कीर्तनकारांसारखंच,” ईश्वरी म्हणाली. “द्वारकेला न जाता द्वारका दाखवायची.”

“तुम्ही कीर्तन ऐकता?”

“वहिनीच्या राज्यात राहून न ऐकून करते काय! दर शुक्रवारी घरी बुवांची कॅसेट लावतो, या. प्रसादाला शिरा असतो.”

तो आला. पहिल्यांदा शिऱ्यासाठी, नंतर... नंतर शिरा नसला तरी.

आणि मग तो शुक्रवार. आख्यान ऐन रंगात आलं आणि बुवांची कॅसेट यंत्रात गुरफटली. फीत बाहेर, सगळे हळहळताहेत. नयनावहिनी म्हणाली, “देवव्रत, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. सांगा काहीतरी, सभा मोडू नका.”

तो उभा राहिला. कोणीतरी गंमत म्हणून त्याच्या खांद्यावर उपरणं टाकलं. त्याने हात जोडले आणि म्हणाला, “एक खेळ आहे. त्यात खेळाडू घरून निघतो. त्या जागेचं नावच घर. पुढे तीन मुक्काम. प्रत्येक मुक्कामावर जिवाची भीती, कारण मुक्काम सोडला आणि चेंडू घेतलेल्या हाताने कोणी शिवलं की संपलं. पहिल्या मुक्कामावर पोचला म्हणून कौतुक नाही. तिसऱ्यावर पोचला तरी नोंद नाही. फिरून पुन्हा घरी आला... तरच त्याची धाव मोजतात.”

त्या खोलीत बसलेला प्रत्येकजण घरून निघालेला होता हो! नयनावहिनीने पदर डोळ्यांना लावला. संजीवने उगाच खिडकीबाहेर बघितलं. आणि ईश्वरी? टाळ तिच्या हातात तसेच राहिले. तिला एवढंच कळलं, की हा माणूस जिथे असेल, तिथे आपलं घर.

“काय वन्सं,” रात्रीच्या पोळ्या लाटताना वहिनी म्हणाली, “टाळ वाजवायला विसरलात?”

“काहीतरीच काय गं, वहिनी!”

ऑगस्ट आला. ईश्वरीची नोकरी पक्की झाली. इलियासभाईंनी ऑफिसात खजूर वाटले, आणि त्याच संध्याकाळी देवव्रतने फोनवर सांगितलं, “मला दोन वर्षांसाठी ह्यूस्टनला पाठवताहेत.”

“अरे वा,” ती म्हणाली. “खरा सामना बघायला मिळेल.”

“हो.”

“हो ना.”

बस, एवढंच. मग रोज भेट झाली तरी तो पुस्तकांबद्दल बोले, सामानाबद्दल बोले... पण एक वाक्य त्याच्या ओठांपर्यंत येऊन परत फिरायचं. इकडे आईचा फोन, एक स्थळ चांगलं आहे, कळव. ईश्वरी काय कळवणार?

जायच्या आदल्या सकाळी तो पुस्तकांचं खोकं द्यायला आला. दोघं खाली गाडीत बसली होती. आत एसी, बाहेर ओली गरम हवा. काचांवर बाहेरून दाट वाफ धरली होती. जग दिसत नव्हतं.

“काही विचारायचं राहिलंय का?” तिने विचारलं.

“राहिलंय. पण विचारणार नाही. तुझी नोकरी आत्ता कुठे पक्की झालीये. मी विचारलं आणि तू सगळं सोडून निघालीस तर... मला ते नकोय. आणि थांब म्हणायचा मला काय हक्क?”

ईश्वरी दार उघडून सरळ बाहेर पडली. देवव्रतचा चेहरा पांढरा पडला. पण ती गेली नाही. गाडीला वळसा घालून ती समोरच्या काचेपाशी आली आणि वाफेवर बोटाने रेघा ओढू लागली. नऊ रकाने. त्यांत आकडे भरले... एक, शून्य, दोन, मनाला येतील तसे. आतून सगळे उलटे दिसत होते. शेवटच्या रकान्यापाशी बोट थांबलं. मग तिने दोन तिरप्या रेघा मारल्या.

एक्स आतूनही एक्सच दिसतो.

त्याने आपल्या बाजूची काच खाली केली. “ईश्वरी... मला तर अजून विचारायचंय.”

“घरचा संघ पुढे असला, तर शेवटचा डाव खेळावा लागत नाही. कोणी शिकवलं?”

“म्हणजे...”

“म्हणजे तू केव्हाच जिंकलायस, मठ्ठ! रिसेप्शनवर दुसऱ्यांदा चष्मा पुसलास ना, तेव्हाच. तू जा. मी इथे पान लावते. तिकडचे सामने फोनवर सांग, कीर्तनासारखे. आणि सगळे मुक्काम करून घरी ये.”

त्याने खिडकीतून हात बाहेर काढून तिचं ओलं बोट धरलं. “आईला काय सांगशील?”

“खलास म्हणून सांगेन.”

आला तो परत, दोन वर्षांनी. लग्न नाशिकला झालं. तोवर गावी परतलेले इलियासभाई बायकोला, ताहेरुन्निसाभाभींना, घेऊन खास दापोलीहून आले. ईश्वरीने आधी आईवडिलांना नमस्कार केला, मग त्यांना. “खूष रहा, बाळा,” एवढंच म्हणाले आणि रुमालात तोंड लपवलं.

गेल्या वर्षी भाई गेले. गावच्या कब्रस्तानात पश्चिमेकडे तोंड करून निजलेत. समोर समुद्र, आणि समुद्रापलीकडे आपण. त्यांच्या माघारी लोक हळहळून म्हणतात, मूल ना बाळ, त्या माणसाच्या रकान्यात शून्य. ईश्वरी ते ऐकते आणि लेकीला जवळ ओढते.

म्हणून एक मागणं आहे माझं. आरतीला हात जोडाल तेव्हा, दुवा मागाल तेव्हा, इलियासभाईंची आठवण काढा. आणि कोणी तसं म्हणालंच, तर त्याला हळूच सांगा: शून्य नव्हे हो. तिथे एक्स आहे.