हैबत तांडेलाचा आवाज

"जरा सरकता का? टोपली भिजतेय तुमची..."

दिघीहून आगरदांड्याला निघालेल्या होडीत मागून हा आवाज आला आणि माझा हात टोपलीवरच थबकला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. माझ्याच कशाला, होडीतल्या सगळ्यांच्याच. समोर बसलेल्या गोदूबाईने तर पदर घट्ट आवळून घेतला आणि पुटपुटली, "हैबत!"

एकसष्ट सालची गोष्ट. दर गुरुवारी तिन्हीसांजेला ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती आमची सारी आळी गोळा व्हायची. दर्यावरची एक श्रुतिका लागायची. तिच्यातला दुष्ट माणूस म्हणजे हैबत तांडेल, होडीचा नाखवा. वादळात आपल्या भागीदाराला बुडताना सोडून एकटाच किनाऱ्याला लागलेला. तो हसायला लागला की बायका कडाकडा बोटं मोडायच्या.

मी वळून पाहिलं. किडकिडीत अंगाचा, चष्मेवाला तरुण. चष्म्यावर भुरभुर पावसाचे थेंब... आणि तोंडावर अगदी ओशाळं हसू.

"तुम्हीच ना ते?" मी विचारलं.

"मी येसाजी. दिघीचा. मुंबईत छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. गुरुवारी तेवढा अर्धा तास हैबत होतो."

"तो अर्धा तास आमच्या घरात आठवडाभर ऱ्हातो," मी म्हणाले. बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

त्याने चष्मा पुसला. "म्हणजे?"

मी टोपली मांडीवर ओढली. आगरदांड्याच्या धक्क्यावर उतरले, तर हा टोपलीला हात द्यायला पुढे! "सांगा ना," म्हणाला. "लोक मला शिव्या देतात. पण तुम्ही रागावला नाहीत... तुम्हाला दुखलंय काहीतरी."

मग मी सांगितलं. बारा वर्षांमागे माझ्या बाची होडी वादळात उलटली. बा, म्हणजे कोंडाजी, फळीला धरून किनाऱ्याला लागला. त्याचा भागीदार धर्मा लागला नाही. कोंडाजीने हात दिला नाही, असं तेव्हा लोक बोलले आणि हळूहळू विसरलेही. पण श्रुतिका सुरू झाली आणि सगळं पुन्हा वर आलं. बाजारात बा दिसला की कुणीतरी मागून म्हणायचं, "हैबत आला." गेले दोन महिने बा उंबऱ्याबाहेर पडला नव्हता.

"आवाज माझा आहे," येसाजी हळूच म्हणाला, "शब्द दुसऱ्याचे."

"मग शब्दवाल्याला सांगा."

"काय सांगू? हैबतला चांगला कर म्हणून?"

"न्हाय. एकदम चांगला झाला तर कोन इस्वास ठेवील? त्याला नुसतं इचारा... त्या येळी त्याच्या मनात काय हुतं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मीच नजर खाली घातली.

मग तो दर पंधरवड्याला यायला लागला. मावशीला भेटायला, असं म्हणायचा.

"मावशी दिघीला आन् तुम्ही आगरदांड्याच्या धक्क्यावर?" मी विचारायची.

"वारा इकडे ढकलतो," तो म्हणायचा. "मी काय करू?"

एकदा तो म्हणाला, "लिहिणारे विचारतात, अशा माणसाच्या मनातलं आपल्याला कसं कळणार? मला भेटाल का तुमच्या वडिलांना?... म्हणजे, भेटवाल का?"

मी घाबरतच घरी नेलं. बाने आवाज ऐकला आणि विणत असलेलं जाळं बाजूला ठेवलं.

"तुजा तांडेल हात का न्हाय देत रं?"

"मला ठाऊक नाही, काका. म्हणून तर आलो."

बाने त्याच्यापुढे पाट सरकवला. मग तो बोलला, मला कधीच न सांगितलेलं.

"हात दिला हुता मी. धर्माचा हात माझ्या हातात हुता. लाट आली... माझी सगुणा आठ वर्सांची घरी हाय, येवढंच मनात आलं. आन् हात रिकामा. सुटला, का मी सोडला? आजपन मला ठाव न्हाय."

येसाजीने विचारलं, "हे हैबतच्या तोंडी घालू? गावाला कळेल, काका."

"घाल," बा म्हणाला. "मला कुनी कदी इचारलंच न्हाय."

त्या गुरुवारी मी रेडिओपाशी गेले नाही. बाजवळ ओट्यावर बसून राहिले. वाऱ्यावर आवाज येत होता. नेहमीचं हसणं नव्हतं. "सुटला, का मी सोडला..." येसाजीचा आवाज म्हणाला, आणि साऱ्या आळीत सामसूम झाली.

थोड्या वेळाने अंगणात पावलं वाजली. ठमीमावशी, धर्माची बायको. बारा वर्षांत ती आमच्या अंगणात आली नव्हती.

"कोंडाजी," ती म्हणाली, "माफ केलं असं मी म्हननार न्हाय."

"नको म्हनू," बा म्हणाला.

"पन त्याचा हात तुज्या हातात हुता, ह्ये मला ठाव नव्हतं. येकला न्हाय गेला तो." तिने पदराने डोळे पुसले आणि ओट्यावर टेकली. "सगुणा, पानी दे गो."

दुसऱ्या दिवशी बा धक्क्यावर गेला. कुणी मागून 'हैबत' म्हटलं नाही. एकाने तंबाखू पुढे केली.

दिवाळीनंतर श्रुतिका संपली. येसाजी आला तेव्हा खाडी शांत होती, पाण्यावर कोवळं ऊन होतं.

"हैबतला लोकांची पत्रं अजून येतायत," तो म्हणाला. "अर्ध्यांना वाटतं तो सुटायला हवा होता, अर्ध्यांना वाटतं फाशी जायला."

"आन् तुम्हाला?"

"मला... मला वाटतं, तू... म्हणजे तुम्ही... छापखान्याजवळ एक खोली बघितलीय. लहान आहे. पण खिडकी आहे... आणि काकांना मी..."

सारा मुलूख ज्याचा आवाज ऐकायला थांबायचा, तो धक्क्यावर असा अडखळत उभा! मला हसू आवरेना.

"रेडिओवर असं बोलला असता, तर घरी धाडलं असतं तुम्हाला."

"मग? धाडतेस?"

दिघीची होडी सुटायला आली होती. होडीवाला हाका मारत होता. मी येसाजीचा हात धरला, चांगला घट्ट, सगळ्यांच्या देखत.

"बा घरीच हाय," मी म्हणाले. "चल. तुझ्या तोंडानं इचार त्याला. मी व्हय म्हटलंय म्हनून सांग."