हुरळीचा तोबरा

दिवा राहू द्या जवळ. माझ्यासाठी नको, तुमच्यासाठी. गोष्टीत अंधार नाहीच. भर दुपारची आहे, मार्चातली, आपली सावली आपल्याच पायाखाली येते त्या वेळची. रात्रीची भुतं हौशी असतात हो. दुपारची असतात ती नोकरीवरची.

तर मी नागोजीराव. म्हैसुरातल्या नजरबादेत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आमचे पणजोबा मालोजीराव म्हैसूरच्या घोडदळात शिलेदार होते. पुढे घोडा गेला, सायकल आली. मिशी तेवढी चार पिढ्या जशीच्या तशी चालत आली. सरस्वतीने लग्नाला होकार दिला तो मिशीला, मला नाही, असं ती पाहुण्यांसमोर सांगते. आणि एक चाल राहिली. खंडेनवमीच्या आयुधपूजेला आम्ही सायकलीच्या हँडलला तोबरा बांधतो. घोड्याच्या तोंडाला बांधायची खाण्याची पिशवी, ती. पणजोबांचीच आहे, चामड्याची. आत भिजवलेली हुरळी, तुम्ही लोक कुळीथ म्हणता ते. सायकल खात नाही हे आम्हालाही कळतं. संध्याकाळी त्याच हुरळीचं सारू करून आम्हीच जेवतो.

अरुण माझं गिऱ्हाईक. मूळ पुण्याचा, कंपनीत नोकरी. आठ वर्षं म्हैसुरात राहून कन्नड शब्द चार, त्यांतले दोन डोशाचे. त्याने नवी माउंटन बाइक घेतली होती. कार्बनची, एका बोटावर उचलावी इतकी हलकी. स्टँड नाही, घंटी नाही. मी विचारलं, "हिला उभी कशी करायची रे?" तर म्हणाला, "काका, ही उभी करायला नसतेच. पळवायला असते."

नवे ब्रेक डोंगरावर तपासायचे होते, म्हणून एका रविवारी मी त्याच्याबरोबर निघालो. काम एवढंच. हुणसूर ओलांडून पुढे जंगलात कुदुरेकल्लु नावाचा डोंगर आहे. कुदुरे म्हणजे घोडा, कल्लु म्हणजे दगड. गेटावर नाव लिहून वनखात्याचा गार्ड आत सोडतो. निघायलाच उशीर, त्यात अरुणला हुणसुरात दोनदा डोसा हवा होता. गेटावर पोचेतो नऊ वाजून गेले.

गार्ड नरसिंहमूर्ती वहीवरून मान वर न करता म्हणाला, "कल्लु हत्तिर इळीरि, सार."

"काय म्हणतोय?"

"वरून येताना दगडापाशी उतरा म्हणतोय. तिथून ओढ्यापर्यंत पायी."

"उतारावर पायी? मग वर चढायचं कशाला?"

मी त्याला पणजोबांच्या तोंडून घरात आलेली हकीकत सांगितली. त्या उतारावर एका नवशिक्या स्वाराने दमलेला घोडा बारा वाजता, पाठीवर बसूनच खाली दामटला. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय गेले. पथकाचा म्हातारा दफेदार त्या घोड्याचं डोकं मांडीवर घेऊन दगडापाशी बसला, तो पुन्हा उठलाच नाही. तेव्हापासून तिथे कायदा त्याचा. ज्याला जनावराची कीव नाही, त्याचं जनावर सरकारजमा.

"कुठलं सरकार?" अरुण हसला.

"ते त्याला विचार."

चढण दोन तासांची होती. वर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. पण काय वर्णू तुम्हाला! खाली सागवानाचं उन्हात वाळलेलं जंगल, मध्ये बांबूची बेटं, आणि त्यातून पोरीच्या वेणीसारखी लाल वाट खाली गेलेली. चार किलोमीटर. त्रेपन्नाव्या वर्षी माझ्या गुडघ्यांना गुदगुल्या झाल्या.

"काका, गेटापर्यंत शर्यत लावायची?"

"लावायची."

"हरलात तर मिशी काढायची. सफाचट."

माझा हात मिशीवर गेला. पण शिलेदाराचा पणतू नाही कसं म्हणणार? म्हटलं, "आणि तू हरलास तर दसऱ्यापर्यंत मिशी ठेवायची. आयुधपूजेला ही सायकल घेऊन माझ्या घरी यायचं, तोबरा बांधायचा."

"कार्बन फ्रेमला हळदकुंकू? काका, वॉरंटी जाईल!" असं म्हणत तो सुटलासुद्धा.

मीही सुटलो. अहो, काय ती मजा! वारा कानात किंचाळतोय, वाट उडवतेय, मी पडतो पडतो म्हणतोय आणि पडत नाही. आमच्या शेजारचं पोर, मधू, अंघोळीला ओरडतं तसा मी ओरडत होतो. अरुण मात्र पुढे. वळणावळणावर त्याचं पिवळं हेल्मेट लांब लांब जात होतं. दगड आला. माणसाएवढा, काळा, माथ्यावर कुणीतरी कुंकू लावलेलं. अरुण त्याच्या अंगावरून सूं करून गेला.

आणि मी उतरलो.

सगळ्यांना मी सांगतो की दफेदाराचा मान राखून उतरलो. दिव्याजवळ खोटं बोलू नये म्हणतात, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. माझी चेन पडली होती.

बसवायला गेलो तर बोटं घामाने घसरायला लागली. शिव्या देत, मिशीवरून शेवटचा हात फिरवत, सायकल हाताने धरून उतरू लागलो. वीस पावलं गेलो असेन... रातकिडे थांबले. दुपारी रातकिड्यांचा आवाज आपल्या लक्षात येत नाही. थांबला की येतो. बांबू कुरकुरत होते तेही गप्प. ऊन तसंच, पण उन्हात ऊब नाही. मग वास आला. ओल्या चामड्याचा, घामाचा... आणि उकडलेल्या हुरळीचा.

मागे कडी वाजली. लगामाची असते तशी, बारीक.

मी मागे पाहिलं नाही. पाहणारे लोक गोष्टी सांगायला उरत नाहीत. मानेवर श्वास आला... मोठा, गरम, दमट. माणसाच्या नाकपुडीत मावणार नाही एवढा. त्याने माझी मान हुंगली. मग सायकलची सीट हुंगली. मग पडलेली चेन. तिथे जरा वेळ लागला.

"हं..." कुणीतरी म्हणालं. घोडा नव्हे. "हं... जा."

तो 'हं' मला तेव्हाच आवडला नव्हता. कसं सांगू, सरकारी कचेरीत कागद अपुरे असतात आणि साहेब तरी सही करतो, तसा होता तो.

पुढच्या वळणावर अरुण वाटेच्या मधोमध उभा. हेल्मेट हातात, तोंड चुन्यासारखं.

"काका... सायकल..."

"पडलास?"

"नाही... मी उतरलो नाही, काका. मला उतरवलं. कॉलर धरून... अलगद."

त्याने बोट दाखवलं. वाटेपासून दहा पावलांवर सावलीत ती सायकल उभी होती. पुढच्या चाकाला दोन वेली, मागच्या चाकाला दोन, चारही टोकं चार खुंट्यांना ताणून बांधलेली. अगाडी-पिछाडी म्हणतात आमच्यात. तबेल्यात घोडा असाच बांधतात. आणि तिच्यावर धुळीचा एक कण नव्हता. कुणीतरी गवताच्या बोळ्याने घासून घासून मालिश केली होती.

अशा वेळी माणसाने काय करावं? मित्राला धीर द्यावा. मला माझी मिशी आठवली.

"हलू नकोस," मी म्हटलं, "मी नरसिंहमूर्तीला घेऊन येतो." चेन बसवली. आता पहिल्या झटक्यात बसली. ओढ्यापर्यंत शहाण्यासारखा पायी गेलो, पुढे टांग मारली आणि गेटाला हात लावूनच श्वास घेतला. शर्यत ती शर्यत.

नरसिंहमूर्तीला घेऊन परत गेलो तेव्हा अरुण सायकलीपाशी जमिनीवर बसला होता. गाठी सुटत नव्हत्या, चाकूही चालत नव्हता. मूर्ती त्याला म्हणाला, "तप्पायितु अन्नि, सार." चुकलं म्हणा. अरुणने हात जोडले. मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी, हळूच म्हणाला, "चुकलं. दमली असेल ती... खायला घालीन."

चारही गाठी एकदम सुटल्या.

पुढचे सहा महिने मी नजरबादभर मिशी पिळत फिरलो. अरुणला मिशी आली, आणि अशी आली की बघत राहावं, मेण न लावता टोकं वर. तो दर रविवारी कुदुरेकल्लूला जायचा, दगडापाशी उतरायचा, ओढ्यापर्यंत चालायचा. मी दोनदा हसलो. तिसऱ्यांदा हसलो नाही.

आयुधपूजेला तो आणि त्याची बायको कांचन आले. त्याने तोबरा स्वतः शिवला होता, जुन्या जीन्सचा.

"वहिनी, हुरळी यांनीच निवडली," कांचन सरस्वतीला सांगत होती. "एकेक खडा काढला. मला हात लावू देईनात. एरवी घरात पोळी कुणी लाटली तेही बघत नाहीत!"

माझी सायकल भिंतीला टेकवली, त्याची अंगणातल्या नारळाच्या झाडाला. हळदकुंकू झालं, वॉरंटी गेली. अंगणाचं दार लावून आम्ही जेवायला बसलो. होळिगे, म्हणजे तुमची पुरणपोळी, कोसंबरी, म्हणजे डाळीची कोशिंबीर, आणि हास्यविनोद. बारा वाजून गेले तसं संध्याकाळच्या सारूसाठी हुरळी आणायला सरस्वती अंगणात गेली.

"अहो..." बाहेरून तिचा आवाज. "जरा या बघू."

माझा तोबरा भरलेला होता. चामड्याचा, पणजोबांचा, चार पिढ्यांचा. एक दाणा हललेला नाही. अरुणचा जीन्सचा रिकामा. मी हात घातला. आत ओलं होतं. आणि कोमट.

सरस्वतीने माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगा. त्या दिवशी बोटं काळी होती तुमची. चेन पडली होती ना?"

 मी नारळाकडे बघत होतो. तिथे काही टेकलेलं नव्हतं. अरुणची सायकल अंगणाच्या मधोमध उभी होती, कशालाही न टेकता, पुढचं चाक जरासं सैल वळवून.

अरुण मात्र घाबरला नाही. मिशीतल्या मिशीत हसत पुढे गेला आणि तिच्या सीटवर हलकेच थाप मारली.

तिने अंगावरचा भार मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर घेतला.