बकासुर आणि दहा सीलबंद कॅन

वाळवंटाच्या पोटात एक पाणवठा होता, आणि तो आटत चालला होता!

पाणवठा म्हणजे एक मोठा दगडी हौद, शेजारी बोअर, त्यावर पंप आणि या सगळ्याची राखण करणारी एक बाई. आजूबाजूला दिवसभर चाललं तरी दुसरं पाणी नाही. ऐन उन्हाळ्यात हरणं आपली इवलीइवली पिल्लं घेऊन तिथंच यायची. पण नुकत्याच आलेल्या वादळानं पंपाची सौरपॅनेलं फोडून टाकली. आता भिस्त जुन्या डिझेल इंजिनावर, आणि डिझेल घेऊन निघालेला ट्रक वाटेतच ॲक्सल मोडून बसलेला. तो दुरुस्त होऊन पोचायला दोन आठवडे. हौदात पाणी होतं चार दिवसांचं. मधल्या दहा दिवसांना दहा कॅन डिझेल लागणार होतं, रोज एक. ते नाही पोचलं, तर पिल्लं तडफडून मरणार, एवढा सरळ हिशेब होता.

ती राखणदार बाई म्हणजे तंबूवालीची नणंद.

तंबूवालीचा तंबू आणि ताडपत्र्या शिवायचा कारखाना होता. जाडजूड कॅनव्हास यंत्राखाली सरकवून तिचे हात कणखर झाले होते आणि जीभही! नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणाऱ्या या माणसाला डोंगरदऱ्या पालथ्या घालायची भारी हौस. त्या हौसेपायी त्यानं दारात एक अवाढव्य फोर-बाय-फोर गाडी आणून उभी केली होती. दोन गाड्यांची जागा अडवायची, शेजाऱ्याच्या खिडकीतला उजेड खायची आणि डिझेल तर अशी ढोसायची की विचारू नका. तंबूवालीनं पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं, बकासुर! लेकीला शाळेत सोडणं आणि भाजी आणणं, एवढाच काय तो या रणगाड्याचा आजवरचा पराक्रम.

पण त्या मऊ वाळूतून जाईल अशी गाडी साऱ्या ओळखीपाळखीत ही एकच होती.

"माझी एक अट आहे," तंबूवाली म्हणाली. दहाही कॅनच्या झाकणांवर तिनं स्वतः तार पिळून शिशाची सीलं ठोकली होती. "या कॅनमध्ये डिझेल आहे हे विसरायचं. वाटेत काय वाट्टेल ते होवो, बकासुराला यातला थेंब मिळणार नाही. कबूल?"

"अगं, टाकी काठोकाठ भरलीय! आपण पोचू, वर उरेल," डॉक्टर छाती फुगवून म्हणाला.

"कबूल का, तेवढं सांगा."

"कबूल, बाई, कबूल!"

एवढ्यात सासूबाई पिशवी घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसल्यासुद्धा. "माझी लेक तिथं एकटी आहे. मला कुणी उतरवून दाखवाच!" कुणाची हिंमत झाली नाही. मागे तंबूवालीची बारा वर्षांची लेक बसली. ती सारखी गुणगुणायची म्हणून तिला घरी भुंगा म्हणत. आणि निघाली मोहीम!

डॉक्टर घाट चढला तो अगदी मर्दुमकी गाजवत. टपावर दोन तंबू, फ्रिज, जादा चाक, घडीच्या खुर्च्या. आत एसी भुरभुर चाललेला. आणि पाय सतत दाबलेला. बकासुर डरकाळ्या फोडत वर गेला. माथ्यावर पोचले तेव्हा टाकी चांगलीच उतरली होती. तंबूवालीनं ते पाहिलं आणि ओठ आवळले. पण पुढे लांबच लांब उतार लागला. तासभर गाडी जवळजवळ आपल्या आपणच घरंगळत होती, आणि समोरच्या पडद्यावरचा आकडा चढत चालला. अजून चारशे किलोमीटर जाईल! पाचशे! सातशे!

"बघ, बघ! किती देतेय!" डॉक्टरला आनंद मावेना.

"देते म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं. "म्हैस आहे का ही?"

"ॲव्हरेज गं, आई! सातशे किलोमीटर! आणि जायचंय फक्त अडीचशे!"

इथेच घात झाला. पडदा बिचारा सांगत होता ते नुकत्याच संपलेल्या उताराच्या जिवावर. पुढेही जन्मभर उतारच आहे, असं तो धरून चालला होता. आणि डॉक्टर त्या पडद्याला धरून चालला होता! त्या भरात त्यानं भुंग्याला दगडी कमान दाखवायला गाडी आडवाटेला घातली. कमान खरंच सुंदर होती. लाल दगडाचा तो प्रचंड हात आभाळाखाली वाकून उभा होता, त्याच्या सावलीत वारा थंड लागत होता. तंबूवालीलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

मग वाळू सुरू झाली.

चाकं रुतू लागली, इंजिन कण्हू लागलं. सातशेचे साडेतीनशे झाले. तासाभरात दीडशे. भुंग्याचं गुणगुणणं थांबलं. डॉक्टर पडद्याकडे असा बघत होता, की जणू एखाद्या पेशंटनं त्यालाच भूल दिली आहे. अखेर एका खोलगट जागी गाडी थबकली. त्यानं घाबरून पाय दाबला. घुर्रर्र! चाकं जागच्या जागी फिरली. पुन्हा दाबला. घुर्रर्र! बकासुर पोटापर्यंत वाळूत बसला!

"पाय काढा!" तंबूवाली ओरडली. "काढा आधी! नुसतं डिझेल जाळताय!"

तेवढ्यात गाडीतला वायरलेस खरखरला. नणंदेचा आवाज होता, कोरडा पडलेला. "वहिनी, हौदाला वादळात तडा गेला होता, मला आज दिसला. मी लिंपलाय, पण पाणी वाहून गेलं गं. तळाला नुसता चिखल उरलाय. दोन पिल्लं त्यात रुतली होती, आत्ताच ओढून काढली. उद्या दुपारपर्यंत आलात तर ठीक. नाहीतर..."

सासूबाईंनी वायरलेस दोन्ही हातांत धरला. "आलोच आम्ही, बाळ," त्या म्हणाल्या आणि सुनेकडे बघत राहिल्या.

अजून साठ किलोमीटर जायचं होतं. टाकीचा लाल दिवा लागला होता.

"एक कॅन," डॉक्टर हळूच म्हणाला. "फक्त एक. आपण पोचलोच नाही तर दहाच्या दहा असून काय उपयोग?"

बोलणं खोटं नव्हतं. एका कॅनचं तोंड उघडायचा अवकाश, की जिवाला घोर नाही. पण एक कॅन म्हणजे एका दिवसाचं पाणी. चौदा दिवसांचं गणित आधीच फसलं होतं, हौद फुटला होता. आता प्रत्येक थेंब त्या पिल्लांच्या तोंडचा होता.

"नाही," ती म्हणाली. "आधी बकासुराला उपास घडवू. तरी नाही जमलं, तर सील मी माझ्या हातानं तोडीन. उतरा सगळे!"

आणि मग कामाचा धडाका! टपावरचे तंबू खाली. फ्रिज खाली. खुर्च्या, शेगडी, जादा चाक, अख्खं कॅरिअर खाली! सगळं एका उंच खडकाशी रचून त्यावर भुंग्यानं लाल ताडपत्री बांधली, परत येताना लांबून दिसावी म्हणून. डॉक्टरनं चारही टायरमधली हवा उतरवली, म्हणजे टायर पसरतात आणि वाळूवर तरंगतात. फावड्यानं वाळू उपसून त्यांनी चाकांखाली कॅनव्हासचे पट्टे सरकवले. हात सोलून निघाले, घाम डोळ्यांत उतरला.

"वाळू आता तापून भुसभुशीत झालीय," डॉक्टर म्हणाला. "पहाटे ती थंड असते, घट्ट असते. आत्ता गेलो तर दुप्पट डिझेल जाईल." हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तंबूवालीनं ते मुकाट्यानं ऐकलं. रात्र त्यांनी गाडीच्या आडोशाला काढली. 

तांबडं फुटलं तशी तंबूवालीनं चपला काढल्या आणि चालकाच्या जागेवर बसली.

"तू?" डॉक्टर म्हणाला.

"मीच. तुमचा पाय म्हणजे खलबत्त्यातला बत्ता! यंत्राचं पायडल असं जोरात दाबलं असतं ना, तर आजवर माझी बोटं शिवली गेली असती. तुम्ही पुढे चाला आणि घट्ट वाळू शोधा."

तिनं अनवाणी पायाचा अंगठा पायडलवर टेकवला. जाड कॅनव्हासची चार पदरी शिवण घालताना यंत्र एकेका टाक्यानं चालवावं लागतं. जरा घाई केली की सुई मोडते. तस्सं! बकासुर हलला. कॅनव्हासवर चढला. निघाला! पुढे डॉक्टर टाचा आपटत, वाळू जोखत, हात हलवत धावतोय. मागून गाडी कासवासारखी येतेय. जमीन घट्ट लागली की तो पायरीवर उडी मारून लटकायचा. एसी बंद, काचा खाली, आणि ब्रेकला पाय म्हणून लावायचा नाही. सासूबाई घामानं निथळत होत्या, पण तोंडातून चकार शब्द नाही. भुंगा आकडा वाचत होती. "आई, चाळीस म्हणत होता, आता पंचेचाळीस म्हणतोय!"

"त्याचं नको ऐकू गं! तो घोळात घेतो माणसाला!"

चढ टाळत, टेकड्यांना वळसे घालत त्यांनी सकाळभर वाट कापली. मग वारा उठला. वाळूचे लोट अंगावर यायला लागले. दहा पावलांपुढचं दिसेना! आणि तो लोट जरा विरला तेव्हा समोर शेवटची टेकडी उभी होती. आडवी, अफाट, भिंतीसारखी. वळसा घालायला ना वाट, ना डिझेल. पलीकडे पाणवठा.

तंबूवालीनं हळूच पाय टेकवला. गाडी थोडी चढली, थकली, थांबली. ती मागे घरंगळली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

डॉक्टर खिडकीशी धावत आला. वाळूनं त्याचं तोंड माखलं होतं. "अशी नाही चढणार! इथं दमच लागतो! पार मागे घे आणि दाब. असेल नसेल ते सगळं दाब!"

"आणि मध्येच संपलं तर?"

"तर कॅन पाठीवर मारून मी एकेक नेईन! पण सील तोडणार नाही. तुला शब्द दिलाय!"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्या क्षणी तिला तो फार फार आवडला. "बसा आत," ती म्हणाली. "आई, घट्ट धरा! भुंग्या, डोकं खाली!"

बकासुर मागे गेला. थांबला. तंबूवालीनं पायडल तळापर्यंत दाबलं!

इंजिन गरजलं. गाडी सुटली! वाळूचे फवारे दोन्ही अंगांना उडाले. चढ आला. नाक आभाळात गेलं. निम्मी टेकडी! वेग घटतोय. आणखी घटतोय! "चल रे, बाबा, चल!" सासूबाई ओरडल्या. इंजिननं एक आचका दिला. दुसरा दिला. माथा हातभर उरला. पुढची चाकं वर टेकली आणि इंजिन ठप्प झालं!

उरल्यासुरल्या वेगानं ती माथ्यावर सरकली आणि क्षणभर तिथंच तोलली गेली. मग गाडी हळूच पुढे कलली.

"सरळ! सरळच ठेव! आडवी झाली की उलटली!" डॉक्टर किंचाळला. इंजिन बंद, त्यामुळे स्टिअरिंग दगडासारखं जड. ब्रेक लाकडासारखा. तंबूवालीनं कॅनव्हास ओढणाऱ्या त्या दोन्ही हातांनी चाक आवळून धरलं. बकासुर खाली सुटला! वाळू घसरतेय, गाडी घसरतेय, भुंगा किंचाळतेय, आणि पायथा धावत वर येतोय. धप्प! गाडी एकदा उसळली, सपाटीवर घरंगळली आणि हौदाच्या जरा अलीकडे थांबली.

नणंद धावत आली. ओठ फुटलेले, डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलेली. सासूबाईंनी तिला तशीच पोटाशी धरली. तंबूवालीनं मागचं दार उघडलं आणि पक्कड घेऊन पहिलं सील कट्‌कन तोडलं.

पंप खोकला. पाइप गुरगुरला, गंजाचं लाल पाणी थुंकला आणि मग धो धो पांढरी धार हौदात पडली! भुंगा नाचायला लागली तशी आत्यानं तिला खाली बसवलं. "शू! आता आपण दिसायचं नाही."

ती सगळी गाडीमागे दबून बसली. बराच वेळ काही हललं नाही. मग झुडपांतून एक हरणी आली. थांबली, कान हलवले, पुढे आली. मागोमाग अंगभर वाळलेला चिखल माखलेलं तिचं पिल्लू. ते हौदाच्या काठाशी अडखळलं, पुढचे पाय टाकून वाकलं आणि पाण्यात थेट नाकच बुडवून बसलं. त्याच्यामागून दुसरं, मग तिसरं, मग झुडपांतून नुसती रीघच लागली.

"तुमच्या या धुडाला थोडं डिझेल देऊ का?" नणंद कुजबुजली. "निदान सावलीत तरी लावा."

"थेंब नाही!" तंबूवाली आणि डॉक्टर एकदमच म्हणाले.

नणंदेला हसू आवरेना, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. कॅन अजून नऊ होते, सगळे सीलबंद; पंप रोज जरा कमी चालवला की ट्रक येईपर्यंत पुरणार होते. ट्रक येईपर्यंत बकासुर तिथंच, उन्हात, रिकाम्या पोटी उभा राहिला. दुपारी ऊन चढलं की पाणी पिऊन तृप्त झालेली पिल्लं त्याच्या सावलीला येऊन झोपायची.