रिकामी खेप

नवऱ्याची गिटार जिन्यावरून पडून मानेपाशी मोडली, तेव्हा तिला वाईट वाटलं. पण थोडं बरंही वाटलं, आणि ते बरं वाटणं तिने कुणालाच सांगितलं नाही.

नवरा गिटार शिकवायचा. शिष्य त्याला मास्तर म्हणत, म्हणून घरातही तो मास्तरच झाला होता. ती स्वतः एका हॉस्पिटलात लोकांचे कान तपासायची. जाड भिंतींच्या, आतून स्पंज लावलेल्या एका छोट्या खोलीत एकेकाला बसवायचं, कानांना हेडफोन लावायचे, बाहेरून काचेतून बघत बारीक-मोठे आवाज सोडायचे आणि आवाज आला की बोट वर करायला सांगायचं, असं तिचं काम. अकरा वर्षांत हजारो कान तिच्या हाताखालून गेले होते. ऐकू येत नसताना ऐकू आल्यासारखं करणारी माणसं तिला दारातच ओळखू यायची. आणि गेले दोन महिने तसलंच एक माणूस तिच्या घरात वावरत होतं.

दाराची बेल वाजली तरी मास्तर ढिम्म. काही विचारलं की त्याचं "हं" दोन क्षण उशिरा यायचं. बोलताना तो डावा कान पुढे करायचा. "एकदा येऊन तपासून घे," असं तिने तीनदा सांगून पाहिलं.

"माझे कान ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "तू बोलतेस लांबलचक, म्हणून मी मधला भाग गाळतो."

ती हसली, पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. सोमवारी अकरा वाजता एका नाटक कंपनीत साथीदाराची निवड होती. कायमची जागा. मास्तर अशा जागेची दहा वर्षं वाट बघत होता. कान जात असतील तर तिथे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांसमोर कळणार होतं. त्याचीही तिला भीती वाटत होतीच, पण त्याहून मोठी भीती निराळी होती. हा माणूस आपल्यापासून काहीतरी लपवतोय, आणि लपवता लपवता एक दिवस आपल्याला ऐकूच येईनासा होईल, असं तिला वाटत होतं.

नवी गिटार घ्यायची ठरली आणि तिला एक युक्ती सुचली. गिटार डोळ्यांनी निवडायची नाही, हा मास्तरचा जुना नियम. तो स्वतः भिंतीकडे तोंड करून बसे, दुसऱ्या कुणाला तरी तेच चार कॉर्ड आणि मग सहाही तारा एकेक करून वाजवायला लावी, आणि पाठीमागून येणाऱ्या आवाजावर निकाल देई. या खेळात तिने आपल्या कामातली एक गोष्ट गुपचूप मिसळायची ठरवली. तपासताना ती मधूनमधून एक खेप रिकामी सोडायची, म्हणजे आवाज पाठवायचाच नाही. त्या खेपेलाही जो बोट वर करतो, तो अंदाजाने चालवतोय हे पक्कं.

शनिवारी सकाळी अकराला ते दुकानात पोचले. दुकान पहिल्या मजल्यावर, खाली काचा कापणाऱ्याचा कारखाना. आत सरसाचा आणि ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास, भिंतीवर ओळीने टांगलेल्या गिटारी, दमटपणा मोजायचं एक घड्याळासारखं यंत्र. दुकानदार साठीचा, जाड चष्म्याचा, नखं फक्त उजव्या हाताची वाढवलेला. टेबलावर एक रेडिओ बारीक आवाजात काहीतरी बडबडत होता.

मास्तरने निवडून तीन बाजूला काढल्या. एकीची वरची फळी स्प्रूस लाकडाची, पांढरट. दुसरीची सीडरची, विटकरी. तिसरी अख्खी महोगनीची. मग खुर्ची ओढून, कागद-पेन्सिल मांडीवर घेऊन तो कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसला.

तिने दुकानदाराला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात समजावलं. "काका, मी एक, दोन, तीन बोटं दाखवीन, त्या नंबरची गिटार वाजवायची. मूठ दाखवली तर काहीच नाही. नुसतं तेवढा वेळ बसून राहायचं. आणि तो रेडिओ बंद कराल का?"

"रेडिओ असू द्या की," दुकानदार म्हणाला. "बारीकच आहे."

"तपासणी आहे काका. आवाज नको."

त्याने रेडिओ बंद केला, पण हात बटणावरच राहिला. "ताई, मूठ नका दाखवू. तीनच्या तीनही हव्या तितक्या वेळा वाजवतो. मधे रिकामं सोडू नका."

"का?"

"आमच्याकडे तशी पद्धत नाही."

कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटलं. दोघांची जुनी ओळख होती, मास्तरने याला आधीच पढवून ठेवलं असणार. तिने मान हलवली, घड्याळ हातात घेतलं आणि दोन बोटं दाखवली.

बारा खेपा झाल्या. दर खेपेला पंधरा सेकंद. चौथी, नववी आणि अकरावी तिने रिकामी सोडली. त्या वेळी दुकानदार गुडघ्यांवर हात ठेवून बसला, खालचं काच कापायचं यंत्र थांबलेलं होतं, आणि तिला ऐकू आली ती फक्त पेन्सिलीची खरखर. मास्तर लिहीत होता.

तिने कागद घेतला. स्प्रूसच्या तिन्ही खेपांपुढे होतं: उजळ, पण आत पोकळ. सीडरच्या तिन्हींपुढे: उबदार, लवकर विझते. महोगनीच्या तिन्हींपुढे: कोरडी, सरळ. नऊपैकी नऊ बरोबर. बहिऱ्या होत चाललेल्या कानाला हे जमणं शक्यच नव्हतं. आनंदाने तिचे डोळे भरून आले. मग तिने उरलेल्या ओळी वाचल्या.

चौथीपुढे होतं: ही! खर्जाची तार भरीव, टोन शेवटपर्यंत टिकतो. वाजवणारा दुसरा, नखं लांब. नववीपुढे: पुन्हा चौथीवाली. अकरावीपुढे: तीच, या वेळी जवळून.

"चौथी गिटार कुठली?" मास्तरने वळून विचारलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "ती आधी का नाही दाखवली? दाखवा."

"पुरे झाली थट्टा," ती म्हणाली. "त्या खेपा रिकाम्या होत्या."

"रिकाम्या?"

"काही वाजवलंच नाही. तुला पकडायला."

मास्तरने आधी तिच्याकडे आणि मग दुकानदाराकडे पाहिलं. युक्ती ओळखून आपली फिरकी घेतोय, असं तिने धरून चाललं होतं. पण फिरकी घेणारा माणूस इतका हिरमुसत नाही, हे तिला दिसत होतं. दुकानदार आपल्या चष्म्याच्या काचा पुसत होता, आणि त्या स्वच्छच होत्या.

तिने मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि पुन्हा सहा खेपा घेतल्या. रिकाम्या दोन. दोन्ही वेळा मास्तरने तेच लिहिलं. तिने मुद्रण लावून पाहिलं. रिकाम्या जागी पडद्यावरची रेघ सपाट होती, आणि आवाज म्हणावा तर फक्त पेन्सिलीचा. यंत्र तिच्या बाजूने होतं, तरी तिला धीर आला नाही. कारण दुसऱ्या रिकाम्या खेपेला तिने खाली पाहिलं होतं, आणि दुकानदाराचा पाय ठेका धरत होता.

"काका, तुम्हाला ऐकू येतं?"

"मी नाही ऐकत, ताई," तो म्हणाला. "मी रेडिओ लावतो."

संगनमत असेल तर ते मोडायची रीत तिला ठाऊक होती. तिने दुकानदारालाही कागद दिला. मास्तरची खुर्ची एका भिंतीकडे, दुकानदाराची समोरच्या. दोघांच्या पाठी एकमेकांकडे आणि मधे ती. तिन्ही गिटारी तिच्या डोळ्यांसमोर स्टँडवर उभ्या. दुकानदार कुरकुरला, मग बसला. बोलायचं नाही, मागे बघायचं नाही, जे ऐकू येईल ते लिहायचं.

"सुरू," ती म्हणाली.

पाच सेकंद. तारा स्थिर होत्या.

दहा. दोघांच्या पेन्सिली एकदमच हलायला लागल्या.

वीस. दोन्ही पेन्सिली एकदमच थांबल्या. मास्तरची मान किंचित वळली, तिच्या बाजूला, आणि पुन्हा सरळ झाली. मग दोघांनीही आणखी एक ओळ लिहिली.

"थांबा."

तिने आधी दुकानदाराचा कागद घेतला. अक्षर वाकडंतिकडं झालं होतं. चार कॉर्ड. तारा वाजवता वाजवता गिटारचं तोंड फिरवलं. ताईंकडे.

मग मास्तरचा. मधेच टोन बदलला. गिटारचं तोंड वळलं. आता बायकोकडे.

तिने आजूबाजूला पाहिलं नाही. पाहिलं तर काहीच दिसणार नाही हे तिला माहीत होतं, आणि ते काहीच न दिसणं तिला तेव्हा सोसलं नसतं.

"तुला खरंच नाही आलं ऐकू?" मास्तरने विचारलं. मऊ, समजुतीचा आवाज. रोज हॉस्पिटलात त्या खोलीतून बाहेर आलेल्या माणसांशी ती स्वतः बोलायची, अगदी तसा.

"सीडरवाली द्या," ती दुकानदाराला म्हणाली.

ते दारातून बाहेर पडायच्या आतच मागे रेडिओ सुरू झाला, आणि या वेळी चांगला मोठ्याने.

रविवारी मास्तरने नव्या गिटारची पेटी उघडलीसुद्धा नाही. "उद्या निवड आहे, हात तरी फिरव," असं ती दोनदा म्हणाली. त्याने आधी पंखा बंद केला, मग घड्याळातला सेल काढून ठेवला, मग फ्रीजची वायर. ती काहीतरी सांगत होती तेव्हा त्याने हात वर केला.

"जरा गप्प बसशील?"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. भांडणं रग्गड झाली होती, पण हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता. तिला रडू आलं, आणि ते तिने आवाज न करता आवरलं.

सोमवारी सकाळी तो आपणहून म्हणाला, "चल, तपास माझे कान."

ती विरघळली. देवाने बुद्धी दिली म्हणायची! निवड अकराला, हॉस्पिटल वाटेवर, अर्ध्या तासाचं काम. नऊ वाजता तिने त्याला आत बसवलं. लहान मुलांबरोबर त्यांच्या आयांनाही बसता यावं म्हणून त्या खोलीत खुर्चीऐवजी एक आखूड बाक ठेवलेला होता. मास्तर त्याच्या मधोमध बसला, भिंतींवरच्या स्पंजावरून त्याने हात फिरवला आणि म्हणाला, "किती छान आहे गं इथे." तिने दार लावलं.

एकही आवाज त्याने सोडला नाही. उजवा, डावा, जाड, बारीक, दर वेळी बोट वेळेवर वर. कागदावरचा आलेख तिच्या हाताखाली सरळ उमटत गेला. वीस वर्षांच्या पोराचेही असे कान तिने क्वचित पाहिले होते. दोन महिन्यांचं ओझं उतरलं. त्याला काही झालं नव्हतं, त्याने काही लपवलं नव्हतं. रिकामी खेप तिने एकही घेतली नाही. घ्यायचं धाडस झालं नाही.

तिने बोलायचं बटण दाबलं. "मास्तर, पहिला नंबर! ये बाहेर, चहा घेऊ आणि निघू."

त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते. खोलीत स्पीकर होता, हरकत नव्हती. तिने पुन्हा हाक मारली. तिच्या आवाजासरशी यंत्रावरचा काटा उडाला, म्हणजे आवाज आत पोचत होता.

"अरे, साडेनऊ वाजले."

काटा उडाला. मास्तरने मान वर केली नाही.

तिने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. चार वर्षांत मारली नव्हती. काटा उजव्या टोकाला जाऊन आपटला. शेजारच्या खोलीतली नर्स काय झालं म्हणून दारात आली. काचेपलीकडे मास्तर डोळे मिटून मंद हसत होता, आणि त्याचा पाय ठेका धरत होता.

ती उठली. दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि उघडण्यापूर्वी एकदा काचेतून पाहिलं.

मास्तरने डोळे उघडले होते. तो बाकावर डावीकडे थोडा सरकला, कुणी आलं की आपण सरकतो तसा.

मग तेवढी जागा पुरली नसावी म्हणून आणखी थोडा.